नादाचें लहानमोठेपण लिहावें कीं नाहीं?

गेल्या नाताळच्या समारंभांत आमच्या शाळेच्या गायनवृंदानें पाळण्याचें एक गीत म्हटलें. चाळीस मुलेंमुली, सर्वांचे स्वर शुद्ध, ताल चोख, शब्द पाठ. पुढें दोन ध्वनिक्षेपक ठेवलेले. गीत संपलें, टाळ्या पडल्या, आणि आम्ही मोठ्या समाधानानें मंडपाबाहेर पडत होतों. इतक्यांत एका विद्यार्थिनीच्या आजीबाई आमच्यापाशीं आल्या व हंसत म्हणाल्या, “मास्तर, पोरायनं गानं त मोठं चांगलं म्हनलं, पन पाळन्यातलं लेकरू केव्हाचंच उठून बसलं असन नं बाप्पा!”

आजीबाईंनीं थट्टा केली, परंतु ती सोळा आणे खरी होती. आमच्या मुलांनीं पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत गीत एकाच मोठ्या आवाजांत म्हटलें होतें. अंगाईगीत आणि संचलनगीत यांत कांहीं भेद उरला नव्हता.

कारण शोधूं लागलों तेव्हां दोष मुलांचा नसून आमचा आहे असें दिसून आलें. हें गीत पूर्वीं एक जुने संगीतशिक्षक शिकवीत असत. आज ते हयात नाहींत. त्यांच्या स्वरलेखनाच्या प्रतीवर जागोजाग शिसपेन्सिलीच्या खुणा होत्या: कोठें एखादें इंग्रजी अक्षर, कोठें पसरत वा निमुळत्या होत जाणाऱ्या दोन रेघा, कोठें नुसता ‘हळू’ एवढाच शब्द. तीन वर्षांपूर्वीं ती जीर्ण प्रत संगणकावर उतरवून घेण्याचें काम आम्हीं अंगावर घेतलें. स्वर उतरविले, मात्रा उतरविल्या, शब्द उतरविले. आणि पेन्सिलीच्या खुणा मात्र कागदावरचे डाग समजून गाळून टाकल्या. नवी प्रत मोठी सुबक निघाली. जुनी प्रत पुढच्याच पावसाळ्यांत कपाटांत भिजून गेली. नव्या प्रतीवरून मुलें शिकलीं आणि कागदावर जें होतें तेंच म्हणालीं. ज्या ओळी ते शिक्षक जवळजवळ कुजबुजीनें म्हणवून घेत, त्या आतां इतर ओळींइतक्याच जोरानें म्हटल्या जातात.

या चुकीवरून आम्हांस जें सुचलें तें विद्यार्थी व पालक यांच्यापुढें ठेवावें, असें वाटतें. आमचें म्हणणें थोडक्यांत असें: जें गीत अनेकांनीं मिळून म्हणावयाचें आहे त्याच्या लेखनांत आवाजाच्या हळू-मोठ्याच्या खुणा असल्याच पाहिजेत, आणि त्या लिहिण्यास आज जें साधन उपलब्ध आहे तें वाशिमसारख्या जिल्ह्यांतल्या साध्या शाळेसहि परवडणारें आहे.

संगीताच्या परीक्षेस बसणाऱ्या विद्यार्थ्याला आरंभींच शिकवितात कीं, नादाचे तीन धर्म आहेत: लहानमोठेपण, उंचनीचपण आणि जाति. तोच षड्ज हळू म्हणतां येतो व मोठ्यानेंहि म्हणतां येतो. हें त्याचें लहानमोठेपण. षड्ज सोडून पंचम धरला कीं उंचनीचपण बदललें. आणि तोच षड्ज बांसरीवर व पेटीवर वाजविला तर ऐकणारा डोळे मिटूनहि वाद्य ओळखतो. ती त्याची जाति. आतां आपल्या स्वरलिपीकडे पाहा. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या लिपींत कोमल स्वराखालीं आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकास खालीं बिंदु, तार सप्तकास वर बिंदु, समेस गुणिलेचें चिन्ह, खालीस शून्य, अशी सुटसुटीत व्यवस्था आहे. मूळ मराठींत लिहिलेल्या ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत त्यांनीं शेंकडों चिजा या लिपींत उतरवून ठेवल्या व एक मोठा ठेवा विस्मृतींतून वांचविला. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर (१८७२–१९३१) यांनीं १९०१ सालीं लाहोर येथें गांधर्व महाविद्यालय स्थापिलें, आणि त्यांची स्वरलिपि निराळी आहे. परंतु दोन्ही पद्धतींत उंचनीचपणास चिन्ह आहे, काळास चिन्ह आहे. लहानमोठेपणास मात्र रूढ चिन्ह नाहीं. तीन धर्मांपैकीं एक शिकवितात खरा, परंतु लिहीत नाहींत.

हें त्या थोर पंडितांचें न्यून आहे असें कोणी समजूं नये. ख्यालगायक एकटा गातो. चीज हा त्याचा आधार. तींतून तो त्या त्या वेळीं नवें कांहीं उभें करतो. आवाज कोठें लहान करावा, कोठें फुलवावा, हें त्याला गुरूनें समोर बसवून शिकविलेलें असतें, आणि बाकीचें त्याची बुद्धि ठरविते. तेथें खूण लिहिली तर ती उलट बेडी होईल. परंतु चाळीस मुलांच्या वृंदाची गोष्ट वेगळी आहे. तेथें प्रत्येकानें आपापल्या बुद्धीनें आवाज लहानमोठा केला तर गोंधळ माजेल. आणि कोणीच न केला तर आमच्या पाळण्याच्या गीताचें जें झालें तें होईल.

पाश्चात्य देशांतहि कित्येक शतकें संगीत लिहिलें जात असतांना अशा खुणा नव्हत्या. व्हेनिसच्या जोव्हानी गॅब्रिएली याची १५९७ सालीं छापलेली एक रचना आहे. तिच्या नांवाचाच अर्थ ‘हळू आणि मोठ्यानें वाजवावयाचा सोनाटा’ असा होतो. छापील संगीतांत या खुणा आल्याच्या अगदीं पहिल्या उदाहरणांत तिची गणना करतात. तींत वाद्यांचे दोन ताफे आहेत. एकच ताफा वाजत असेल तेथें ‘पियानो’, म्हणजे हळू, आणि दोन्ही मिळून वाजूं लागले कीं ‘फोर्टे’, म्हणजे मोठ्यानें, असें लिहिलेलें आहे. ही खूण समूहासाठीं कशी उपयोगी पडली हें यावरून दिसतें. पुढें १७०० च्या सुमारास फ्लॉरेन्स येथें क्रिस्तोफोरी या कारागिरानें असें एक वाद्य बनविलें कीं, ज्याची पट्टी हळू दाबली तर स्वर हळू निघावा व जोरानें दाबली तर मोठा निघावा. त्या वाद्याला ‘पियानो’ हें जें नांव मिळालें तें या दोन शब्दांवरूनच.

आज या खुणा जगभर एकाच रीतीनें लिहितात. ‘पी’ म्हणजे हळू, ‘एफ’ म्हणजे मोठ्यानें. त्यांच्याआधीं ‘एम’ आला कीं मध्यम हळू वा मध्यम मोठें. अक्षर दुप्पट केलें कीं अधिक हळू वा अधिक मोठें. रशियन संगीतकार चायकोव्हस्की यानें तर आपल्या १८९३ सालच्या सहाव्या सिंफनींत एके ठिकाणीं ‘पी’ हें अक्षर सहा वेळां लिहिलें आहे! आवाज क्रमानें वाढवावयाचा असेल तर दोन रेघा एका टोकापासून पसरत जातात. उतरवावयाचा असेल तर त्या मिटत येतात. यांत एक गोष्ट विद्यार्थ्यांनीं नीट ध्यानांत घ्यावी. ‘पी’ म्हणजे अमुक इतके डेसिबल असें मुळींच नाहीं. शेजारच्या ओळीच्या मानानें हळू, या मंडपाच्या मानानें हळू, या चाळीस गळ्यांच्या मानानें हळू, एवढाच त्याचा अर्थ. खूण दिशा दाखविते. किती जावयाचें तें शिक्षकानें व गाणाऱ्यांनीं ठरवावयाचें.

आतां साधनाकडे वळूं. संगणकावर संगीत लिहिण्याच्या दोन रीति आहेत. एका रीतींत पडद्यावर पांच रेघा दिसतात व त्यांवर स्वर एकेक करून ठेवीत जावयाचे असतात. दुसऱ्या रीतींत चित्र काढावयाचेंच नसतें. साध्या पत्रासारखा मजकूर लिहावयाचा, आणि तो वाचून संगणक स्वतःच रेघा, स्वर व खुणा मांडून सुबक पान तयार करतो. या दुसऱ्या रीतीची सर्वांत प्रसिद्ध आज्ञावली म्हणजे ‘लिलीपाँड’. हान-वेन नीनहाउस आणि यान न्यूवेनहाउझन या दोन डच संगीतप्रेमींनीं १९९६ सालीं तिचा आरंभ केला. धातूच्या पत्र्यावर हातानें कोरून छापलेल्या जुन्या संगीतपुस्तकांचें सौंदर्य संगणकाच्या छपाईंत कां येत नाहीं, या असमाधानांतून ती निर्माण झाली. ती विनामूल्य आहे, आणि कोणींहि ती घेऊन वापरावी, सुधारावी व दुसऱ्यास द्यावी, अशी तिची परवानगी आहे. लोकधुना उतरवून घेण्यासाठीं ख्रिस वॉलशॉ यांनीं रचलेली ‘एबीसी’ नांवाची लिपीहि याच जातीची आहे.

लिलीपाँडमध्यें हळू-मोठ्याची खूण लिहावयाची ती अशी: आधीं स्वराचें अक्षर, मग त्याच्या कालमानाचा आंकडा, आणि त्याला चिकटून एक उलटी तिरपी रेघ व ‘पी’ किंवा ‘एफ’. खूण स्वराच्या मागून येते, आधीं नाहीं. जसा विभक्तीचा प्रत्यय शब्दाला मागून जडतो तशी. एबीसी लिपींत याच्या उलट आहे. तेथें उद्गारचिन्हांच्या जोडींत घातलेली खूण स्वराच्या आधीं लिहितात. एक रीति शिकून दुसरीकडे गेलेला विद्यार्थी येथें हमखास चुकतो, आणि मग ज्या स्वरावर हळू व्हावयाचें त्याच्या शेजारच्या स्वरावर हळू होतो.

वाढत्या आवाजासाठीं \< आणि उतरत्या आवाजासाठीं \> असें लिहितात. जेथें वाढ संपते तेथें \! अशी खूण करावी लागते, किंवा ‘एफ’सारखें नवें अक्षर लिहावें लागतें. उघडलेली खूण मिटविली नाहीं तर संगणक तसा इशारा देतो. हा नियम यंत्राच्या सोयीचा असला तरी गाणाऱ्याच्याहि कामाचा आहे. शेगांवची पालखी आपल्या जिल्ह्यांतून पंढरीस जाते तेव्हां रिसोडच्या वाटेवर ज्यांनीं उभें राहून ऐकलें असेल त्यांना वाढतें व उतरतें म्हणजे काय हें समजावून सांगावयास नको. दूरवरून प्रथम टाळांचा नुसता किणकिणाट, मग मृदंग, मग शब्द, मग अंगावर येणारा गजर, आणि दिंडी पुढें गेली कीं तोच गजर हळूहळू विरत जातो. पालखी कोठें दिसूं लागली आणि कोठें वळणाआड गेली, हीं दोन ठिकाणें जशीं निश्चित असतात, तशीं आवाज वाढण्याच्या व उतरण्याच्या आरंभाचीं व शेवटाचीं ठिकाणें कागदावर निश्चित असावींत. आवाज वाढवा, एवढें सांगून चालत नाहीं. कोणत्या स्वरावर थांबावयाचें तेंहि सांगावें लागतें.

आणखी एक अडचण आम्हांस आली. पाळण्याच्या गीतांत एका ओळीच्या शेवटीं चार मात्रांचा एकच लांब स्वर आहे. तो हळू सुरू होऊन मध्यावर फुलतो व पुन्हां मिटतो. स्वर एकच, मग त्याच्या पोटांत दोन खुणा घालाव्या कशा? यावर उपाय असा आहे कीं, लांब स्वराच्या जोडीनें दुसरी एक ओळ लिहावयाची. तींत स्वर नसतो, नुसते अदृश्य विराम असतात, आणि खुणा त्या विरामांवर ठेवावयाच्या. छापतांना विराम दिसत नाहींत, खुणा तेवढ्या बरोबर जागेवर उमटतात. नववीच्या मुलांना ही युक्ति इतकी आवडली कीं, त्यांनीं ती सर्व गीतांत वापरण्याचा सपाटा लावला आणि आम्हांस त्यांना आवरावें लागलें.

मराठी गीतांसाठीं तीन गोष्टी विशेष ध्यानांत ठेवण्यासारख्या आहेत. पहिली गोष्ट जागेची. नेहमींच्या व्यवस्थेंत या खुणा पांच रेघांच्या खालीं उमटतात. परंतु गीताचे शब्दहि खालींच असतात. म्हणून गायनाच्या लेखनांत खुणा रेघांच्या वर घालण्याचा प्रघात आहे. एका आज्ञेनें त्या सर्व वर जातात. आम्हीं पहिल्या प्रतींत हें केलें नव्हतें, तेव्हां पांचवींतल्या एका मुलीनें, “सर, हें इंग्रजी अक्षर कोणत्या शब्दाचें?” म्हणून विचारलें. प्रश्न अगदीं रास्त होता.

दुसरी गोष्ट कडव्यांची. चार कडव्यांचे स्वर एकदांच लिहितात आणि त्यांखालीं चार ओळींत शब्द लिहितात. मग स्वरावर लिहिलेली खूण चारहि कडव्यांना लागू पडते. परंतु पहिल्या कडव्यांत बाळ निजलेलें असतें आणि तिसऱ्यांत मेंढपाळ आनंदानें धांवत सुटतात. दोहोंस एकच खूण कशी चालेल? यासाठीं कडव्याच्या क्रमांकाशेजारींच ‘पी’ वा ‘एफ’ लिहिण्याची सोय केलेली आहे. इंग्रजी चालीवर बसविलेल्या भाषांतरित गीतांत तर हें फारच जपावें लागतें. इंग्रजी ओळीच्या ज्या शब्दासाठीं मूळ पुस्तकांत खूण घातलेली असते, तो शब्द मराठींत ओळीच्या दुसऱ्या टोकाला गेलेला असतो, कारण आपलें क्रियापद शेवटीं येतें. खूण आंधळेपणानें उतरवून घेतली तर मुलें ‘प्रभु’ हळू म्हणतात आणि ‘आहे’ मोठ्यानें! म्हणून मूळ खूण शब्दाची आहे कीं स्वराची आहे, हें आधीं पाहावें आणि मगच लिहावें.

तिसरी गोष्ट भाषेची. गीताचे शब्द देवनागरींत जसेच्या तसे लिहितां येतात. वाढत्या आवाजाच्या रेघांच्या जागीं ‘वाढवीत’ असा मराठी शब्द व त्यापुढें तुटक रेघ छापतां येते. मात्र नुसता ‘हळू’ हा शब्द स्वरावर लिहिला तर छापलेल्या पानावर तो शोभतो, परंतु संगणक तें गीत वाजवून दाखवूं लागला कीं त्या शब्दाची दाद घेत नाहीं. यंत्राला ‘पी’ समजतो, ‘हळू’ समजत नाहीं; मुलांना ‘हळू’ समजतें, ‘पी’ शिकवावा लागतो. आमचें मत असें कीं, गीतांत जेथें पहिल्यानें खूण येईल तेथें दोन्ही लिहावींत. पुढें नुसतें अक्षर पुरे.

या विचारावर जे आक्षेप येतात त्यांचाहि परामर्श घेणें अवश्य आहे.

कोणी म्हणतात, आपलें गाणें गुरुमुखानें चालत आलें आहे; जात्यावरच्या ओव्या, भजनें, तांड्यावरचीं गाणीं, यांना कोणीं खुणा लिहिल्या होत्या? रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनीं अभंग व भजनें यांच्या वळणावर जीं ख्रिस्ती पदें रचिलीं तीं आजवर शब्दांच्या पुस्तकावरूनच म्हटलीं जात आहेत, त्यांचें काय अडलें? याला आमचें उत्तर असें कीं, परंपरा अखंड असेल तोंवर कांहीं अडत नाहीं. आजीच्या मांडीवर बसून नात ओवी ऐके तोंवर खुणेची गरज नव्हती. परंतु आज आजी मानोरा तालुक्यांतल्या गांवीं आणि नात पुण्यास, अशी घरोघर स्थिति आहे. आमच्या शाळेंत तर एक शिक्षक गेले आणि एका पाळण्याच्या गीताचा जीव गेला. मुख बंद झालें कीं कागदाला विचारावें लागतें. आणि कागदावर आम्हींच कांहीं ठेवलें नव्हतें.

दुसरा आक्षेप असा कीं, खुणांमुळें गाणें यांत्रिक होतें. हा आक्षेप अर्धा खरा आहे. प्रत्येक स्वरावर खूण घातली तर गाणारा गाणें सोडून खुणाच वाचीत बसेल. संगणक गीत वाजवितो तेव्हां तो आवाजाचे शून्यापासून १२७ पर्यंत अंश कल्पून प्रत्येक खुणेस एक ठराविक आंकडा देतो. मुलांनीं तसें करूं नये. म्हणून आमचा नियम असा आहे कीं, एका कडव्यास दोन किंवा तीन खुणा, अधिक नाहींत. जें शब्दांवरून शहाण्या मुलास सहज कळेल तें लिहूं नये. जें कळणार नाहीं, किंवा ज्याविषयीं दोघांचीं दोन मतें होतील, तेवढेंच लिहावें.

तिसरा आक्षेप पालकांकडून येतो: आतां प्रत्येकाच्या खिशांत मोबाइल आहे, गाणें ध्वनिमुद्रित करून ठेवलें कीं झालें, लिहिण्याचा खटाटोप कशास? मुद्रण अवश्य करावें. परंतु त्यावर विसंबूं नये. पुष्कळ मोबाइलांत अशी योजना असते कीं, बारीक आवाज यंत्र आपोआप वाढवून घेतें आणि मोठा आवाज दाबून टाकतें. बोलणें स्पष्ट ऐकूं यावें म्हणून ती उपयोगी आहे. परंतु आपण ज्या भेदाविषयीं बोलत आहों तोच तिच्यामुळें सपाट होतो. आमच्या नाताळच्या समारंभाचीं चार मुद्रणें आम्हीं मिळवून ऐकलीं. एकींतहि पहिली ओळ आणि तिसरें कडवें यांत अंतर नव्हतें. अर्थात् त्या दिवशीं तें गाण्यांतहि नव्हतें, हें आम्ही कबूल करतों.

मग साधें मजकुराचेंच साधन कां? विकत मिळणाऱ्या सुंदर आज्ञावली आहेत, त्या कां नकोत? शाळेच्या शिलकेकडे पाहतां याचें उत्तर द्यावयास नको. परंतु पैसा असला तरी दुसरें कारण आहे. १९८८ पासून चालत आलेली ‘फिनाले’ ही संगीतलेखनाची जगप्रसिद्ध आज्ञावली पुढें विकसित करणार नसल्याचें तिच्या कंपनीनें ऑगस्ट २०२४ मध्यें जाहीर केलें. ज्यांनीं तींत आयुष्यभराचें काम सांठविलें होतें त्यांना तें दुसरीकडे हलविण्याची चिंता लागली. साध्या मजकुराची फाइल मात्र कोणत्याहि संगणकावर उघडते, मोबाइलवरून संदेशासारखी पाठवितां येते. आणि कांहींहि आज्ञावली नसली तरी छापून, डोळ्यांनीं वाचून, त्यांतली खूण कोणत्या स्वराची हें सांगतां येतें.

शिवाय अशा मजकुरांत आणखी एक गुण आहे, जो आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. शेंकड्याचें चिन्ह करून त्यापुढें जें लिहावें तें पानावर छापलें जात नाहीं, परंतु फाइलींत राहतें. याचा उपयोग आम्हांस कसा झाला तें सांगतों. आजीबाईंच्या बोलण्यानंतर आम्हीं त्या दिवंगत शिक्षकांच्या जुन्या विद्यार्थ्यांचा शोध घेतला. एक कारंज्यास दुकान चालवितात, एक मंगरुळपीरजवळ शेती करतात, एक बाई अकोल्यास परिचारिका आहेत. तिघांनाहि तें गीत पाठ होतें. त्याहूनहि विशेष हें कीं, तिघांनाहि शिक्षकांचा हात आठवत होता: कोणत्या शब्दावर तळहात खालीं येई, कोठें तो वर उठे. त्यांनीं हात करून दाखविले आणि आम्हीं खुणा लिहीत गेलों. बहुतेक ठिकाणीं तिघांचें एकमत झालें. शेवटच्या कडव्याच्या शेवटच्या ओळीवर मात्र झालें नाहीं. दोघांचें म्हणणें, मास्तर ती ओळ अगदीं हळू म्हणवीत. बाई म्हणतात, नाहीं, तेथें ते दोन्ही हात वर करीत आणि सारा वृंद मोठ्यानें म्हणे. कोण बरोबर हें आतां कोण सांगणार? आम्हीं ओळीवर ‘पी’ लिहिला; आणि शेंकड्याच्या चिन्हापुढें बाईंचें मतहि जसेंच्या तसें लिहून ठेवलें. उद्यां एखाद्या घरीं जुनी प्रत सांपडली तर ती एक खूण बदलावयास अर्धें मिनिटहि लागणार नाहीं. आणि न सांपडली तरी पुढच्या शिक्षकाला कळेल कीं, येथें शंका होती.

यावरून आमची एक सूचना आहे. नववीच्या वर्गानें दरवर्षीं पांच गीतें याप्रमाणें लिहून काढावींत. त्यांत शाळेचीं उपासनागीतें असावींत, राष्ट्रगीत असावें, आणि घरचीं गाणींहि असावींत: वाशिम-मालेगांवकडच्या जात्यावरच्या ओव्या, पोहरादेवीच्या परिसरांतलीं बंजारा भगिनींचीं गाणीं. विद्यार्थ्यानें आपल्या आजीपाशीं किंवा आजोबांपाशीं बसावें, गाणें ऐकावें, आणि एकच जास्तीचा प्रश्न विचारावा: “येथें तूं आवाज लहान कां केलास?” मिळालेलें उत्तर खुणेनें लिहावें, खुणेंत न मावेल तें शेंकड्याच्या चिन्हापुढें शब्दांनीं लिहावें. स्वर व ताल लिहिणें कठीण वाटल्यास शिक्षक मदत करतील. लहानमोठेपण मात्र ज्यानें स्वतः ऐकलें त्यालाच लिहितां येतें.

पालकांस एकच विनंति. आपल्या घरीं जुनीं गीतपुस्तकें असतील, त्यांत कोणीं पेन्सिलीनें कांहीं गिरविलेलें असेल, तर तीं पुस्तकें रद्दींत घालूं नयेत. शाळेंत आणून दाखवावींत, नक्कल करून घेऊन आम्ही परत करूं. आणि त्यांवरच्या खुणा डाग समजून कोणीं खोडून काढूं नयेत. ती चूक आम्हीं एकदां केली आहे.